मोकळ्या जागेसकट बॅकअप

तेलगावच्या चौकात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नेमणूक, लग्न, कुणी दहावी पास झालं, कुणी नवा ट्रॅक्टर घेतला, काही ना काही निमित्त निघतं आणि बोर्ड लागतो. बोर्ड म्हटला की वर एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मोठ्या चेहऱ्याचं काही नसतं, भांडणं होतात ती खालच्या रांगेवरून. कुणाचा फोटो कुणाच्या आधी, कुणाला गॉगल पाहिजे, कोण कुणाशेजारी लागला तर बोर्ड परत येईल, हे सगळं मला पाठ आहे. पंचक्रोशीतली बहुतेक माणसं मी छातीपर्यंत कापून कॉम्प्युटरमध्ये ठेवलीत, असं सांगितलं की नवखा माणूस जरा दचकतो.

हे चेहरे दोन फोल्डरमध्ये असतात. एकाचं नाव ‘हयात’ आणि दुसऱ्याचं ‘कैलासवासी’. यात हुशारी काही नाही, धंद्यातली भीती आहे. दुसऱ्या एका गावात पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर नुकताच वारलेला माणूस हात जोडून शुभेच्छा देत उभा राहिला. तिथल्या दुकानदाराला पुढाऱ्याच्याही शिव्या बसल्या आणि मेलेल्याच्या घरच्यांच्याही. तेव्हापासून मी एक रीत पाळतो. कुणी गेल्याची बातमी आली की आधी दुकान उघडायचं, त्याला ‘हयात’मधून उचलून ‘कैलासवासी’त टाकायचं आणि मगच मातीला जायचं.

मामांनाही मी असंच हलवलं. मामा म्हणजे माझ्या शेजारचं चहाचं हॉटेल चालवणारे. माझं त्यांचं नातं काही नाही, अख्खा चौक त्यांना मामा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला मामी. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एका सकाळी शेगडी पेटवता पेटवता ते खाली बसले आणि बसलेलेच गेले. मी शटर अर्धं वर करून आत शिरलो, कॉम्प्युटर चालू केला, त्यांचा फोटो या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये ओढला आणि तिथंच खुर्चीवर बसून रडलो. मग मातीला गेलो.

मामांचा तेवढाच एक फोटो होता. कॅमेरा दिसला की हा माणूस पाठ फिरवायचा. एकदा नवीन लाइट आणले होते, ते नीट पडतात की नाही हे बघायला समोर कुणीतरी हवं होतं. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. मी म्हटलं, मामा, जरा उभं राहा, फोटो काढत नाही, लाइट बघतोय. ते उभे राहिले, एका हातात किटली, खांद्यावर टॉवेल, आणि मी कशाला तरी शिवी हासडली म्हणून हसले. तेवढ्यात मी बटण दाबलं. नंतर एका बोर्डावर त्यांना लावलंही, अंगठ्याएवढे, शेवटच्या ओळीत. ते बघून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ते गेल्यावर मी श्रद्धांजलीचा बोर्ड करू का म्हणून विचारलं, तर मामी नको म्हणाल्या. “त्येंला चौकात टांगू नको बाबा. वाऱ्यानं फाटत्यात आन् मग लोक कोपीवर टाकत्यात.” खोटं नव्हतं. ऊसतोडीच्या फडावर जाऊन बघा, प्रत्येक कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, पाठीवर माझा एखादा पुढारी पालथा पडलेला असतो. 

यंदा वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मामी स्वतः दुकानात आल्या. “भितीला लावायला एक फोटू पायजे. आदारवरला नको. त्येच्यात त्येंला कुणी दमात घ्येतल्यावानी दिसतंय.” मी म्हटलं, “माझ्याकडं हाय ना मामी. हसलेला हाय. उद्या देतो.”

आमच्या धंद्यात ‘उद्या’ला तसा काही अर्थ नसतो, पण त्या दिवशी मी मनापासून म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं तर आतून टकटक आवाज आला, कुणी दार वाजवावं तसा. मग तोही बंद पडला. हार्ड डिस्क गेली होती.

मी घाबरलो नाही, कारण माझ्याकडे बॅकअप होता. हा बॅकअप माझ्या मेहुण्याची कृपा. तो पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांनी माझ्या नाकी नऊ आणले होते, तेव्हा त्यानंच मला लिनक्स टाकून दिलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी व्यवस्था, फुकटातली. तिच्यात व्हायरस येतो आणि पत्ता चुकल्यासारखा इकडंतिकडं बघून निघून जातो. मात्र तिच्यात मराठी फॉन्ट बसवायला, बोर्डाचं मशीन ओळखीचं करायला आमच्या दोघांची अर्धी उमर गेली. म्हणून गेल्या वर्षी नागपंचमीला बहिणीला न्यायला आला तेव्हा त्यानं सगळ्या डिस्कचा बॅकअप बाहेरून वायरीनं जोडायच्या डब्यात काढून ठेवला आणि म्हणाला, “दाजी, आता दुकान जळालं तरी भ्यायचं काम न्हाई.” साल्याच्या तोंडात साखर पडो.

माजलगावला जाऊन नवीन डिस्क आणली. जुनी होती त्याच्या निम्मीच घेतली. दुकानदार म्हणाला, ही नव्या पद्धतीची आहे, लई पळते. आणि जुनी मोठी होती खरी, पण ती निम्मीसुद्धा भरली नव्हती. उगाच मोठी कशाला घ्यायची? भाकरी दोन खाणाऱ्यानं पाटीभर थापायच्या कशाला? परतीच्या वाटेवर ऊसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू येताना मी स्वतःवर खूश होतो.

डिस्क बसवली, बॅकअपचा डबा जोडला, पेन ड्राइव्हवरून मेहुण्याचं सॉफ्टवेअर चालू केलं. त्यानं दोन्हीकडं बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं की ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कपेक्षा लहान आहे, म्हणून मी हे काम करणार नाही. मी परत केलं. परत तेच. मला वाटलं, त्याला नीट दिसलं नसेल, म्हणून वायर काढून पुन्हा लावली.

मेहुण्याला फोन लावला. “काय बे, तुझा बॅकअप नवी डिस्क लहान हाय म्हणतोय. सामान तर निम्म्याच्या बी आत हाय. मग कावून बसंना?”

“दाजी, तो सामानाचा बॅकअप न्हाई. डिस्कचा हाय. डिस्क जेवढी, तेवढी तिची हद्द. बॅकअपमदी ती हद्द लिव्हलेली हाय.”

“म्हणजे मोकळी जागा बी बॅकअपमदी हाय?”

“जागा न्हाई. पण हितं मोकळी जागा हाय, ही नोंद हाय.”

“मग मोकळ्या जागेची मोकळी नोंद लहान डिस्कवर कावून बसंना?”

तो म्हणाला, “दाजी, मी मीटिंगमदी हाय.”

मी विचार करत बसलो आणि जितका विचार केला तितकं डोकं गरगरायला लागलं. जे नाहीच, ते मावत कसं नाही? माणूस नसेल तर त्याची खुर्ची घेऊन यायची काय गरज? मी म्हटलं, आपल्याला सध्या सगळं नकोच, फक्त एक फोटो हवा. डबा उघडला तर आत ना फोल्डर ना फोटो. लांबलचक नावांच्या फायली, एकीचंही तोंड उघडेना. संध्याकाळी मेहुण्यानं सांगितलं, हा पुऱ्या डिस्कचा ठसा आहे, आधी कुठंतरी उतरवल्याशिवाय त्यातलं काही दिसत नाही. म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

चौकात बातमी पसरली. जो तो आत डोकावून सल्ला देऊन जाई. “डिलीट मार की काहीतरी.” काय डिलीट मारू? दिसलं तर मारीन ना. एकानं डिस्क थोडी उन्हात ठेवायला सांगितली.

मामी चहा घेऊन आल्या. मामा गेल्यापासून हॉटेल त्याच चालवतात. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या दोघांनी ऊसतोडीला काढली, हॉटेल नंतरचं. त्यांना मी काय अडचण आहे ते सांगायला गेलो आणि सांगता सांगता मलाच समजेना.

“आमी तोडीला जातानी,” मामी म्हणाल्या, “भांडी न्ह्यायचो, गोधड्या न्ह्यायचो, शेरडू न्ह्यायचो. घर हितंच ऱ्हायचं. तुजा बॅकप घर बी संगं न्हेतो व्हय?”

“घर बी नेतो मामी. आन् घरातली मोकळी जागा बी.”

“मग तर येडंच हाय ते.” ग्लास ठेवून त्या जायला निघाल्या आणि दारात थांबल्या. “फोटू घावंल ना पर?”

“घावंल की,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. पाहुण्यांना निरोप गेले होते. हॉटेलच्या भिंतीवर मामींनी खिळा ठोकून घेतला होता, तो माझ्या खुर्चीतून दिसायचा.

शेवटी मेहुण्यानं मार्ग काढला, पण असा की मी अजून चक्रावलो. लहान डिस्कवर उतरवायचं तर आधी मोठी डिस्क आणायची. मोठीवर सगळं उतरवायचं. मग डिस्कवर जो वाफा आखलेला असतो, ज्याला हे लोक पार्टिशन म्हणतात, त्याची मागची मोकळी बाजू कापून तो आखूड करायचा. आणि तो आखूड वाफा उचलून लहान डिस्कवर ठेवायचा. मी म्हटलं, मोठी डिस्क आणायचीच तर तीच का बसवू नये? तो म्हणाला, बसवा की. पण मी कुणाची तरी उसनी आणणार होतो. लहान डिस्क आता परत घेत नव्हते आणि खिशाला दोन डिस्का सोसत नव्हत्या. घोडं असं पेंड खात होतं.

केजला माझा एक फोटोग्राफर मित्र आहे. जीपनं तिकडं गेलो आणि त्याची मोठी डिस्क दोन दिवसांच्या बोलीवर आणली. कॉम्प्युटर उघडा करून टेबलावर ठेवला. एका बाजूला मोठी डिस्क, एका बाजूला लहान, मध्ये बॅकअपचा डबा. बॅकअप मोठीवर बिनबोभाट उतरला. मग कापायचं काम सुरू केलं. मला वाटलं होतं मागची बाजू मोकळीच आहे, एका घावात काम होईल. तर फायली सगळ्या एका कडेला बसलेल्या नव्हत्याच. काही पार शेवटी जाऊन बसल्या होत्या, काही मध्येच. अख्ख्या घरात चार माणसं आणि प्रत्येकजण वेगळ्या खोलीत. कॉम्प्युटर एकेकाला उचलून पुढं आणत होता. मेहुण्यानं बजावलं होतं, “हे चालू असताना लाइट जाऊ देऊ नका. गेली तर सगळंच गेलं.”

लाइट जाऊ देऊ नका! जशी ती माझ्या हुकमात आहे. दुपारी ती गेलीच. इन्व्हर्टर ओरडायला लागला. मी पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, बोर्डाचं मशीन तर आधीच बंद होतं, आणि घामानं निथळत पडद्यावरची ती पट्टी पुढं सरकायची वाट बघत बसलो. ती जागची हलतेय की नाही तेच कळेना. त्या वेळी मी मामांना मनातल्या मनात म्हणत होतो, शेवटी बसू नका, पुढं या. तुम्हाला हटकून मागंच बसायची सवय.

लाइट आली. पट्टी पुरी झाली. आखूड झालेला वाफा लहान डिस्कवर गेला. मी मोठी डिस्क काढून ठेवली, बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. फोनवर मेहुणा म्हणाला, सामान सगळं आलंय, पण सुरू कुठून व्हायचं हे सांगणारा तुकडा वाफ्याच्या बाहेर असतो, तो आला नाही. मी म्हटलं, मोकळी जागा आठवणीनं आणली आणि दार विसरला? मग तो एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेला आणि मी टाइप करत गेलो. दर ओळीला चूक. तो चिडला, मी त्याच्यावर चिडलो, मग आम्ही दोघं मिळून लिनक्सवर चिडलो. आणि मग एकदम माझा ओळखीचा पडदा उघडला, माझे फॉन्ट, माझ्या मशीनची खूण, सगळं जागच्या जागी.

मी शेजारी हाक मारली, “मामी, झालं! या!”

त्या येईपर्यंत मी ‘कैलासवासी’ उघडलं. एकेक चेहरा बघत खाली गेलो. मामा नव्हते. परत वरून बघितलं. नव्हते. डोळे चोळून तिसऱ्यांदा बघितलं. बाकीचे सगळे होते, नेहमीच्या जागी हात जोडून.

मामी दारात आल्या होत्या, पदराला हात पुसत. मी त्यांच्याकडं न बघता मेहुण्याला फोन लावला. “कापताना तू मामांना कापलंस.”

“दाजी, जागा कमी केली. फाईल एक बी कमी झालेली न्हाई. झाली असती तर कॉम्प्युटरनं बोंब मारली असती.”

“मग माणूस गेला कुठं?”

मी फोन ठेवला आणि मामींना म्हटलं, “मामी, सापडत न्हाईत.” असं म्हणताना मला लाज वाटली. वर्षभर ज्यांच्या हातचा चहा रोज पितो त्यांना त्यांचा नवरा मी सापडत नाही म्हणून सांगत होतो.

मामी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “असू दे. त्येंला आवडतच नव्हतं.”

मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी पडद्याकडं बघत राहिलो. तिथं बाहेरच एक फाइल होती, गणपती मंडळाच्या बोर्डाची. हात रिकामा होता म्हणून ती उघडली. मागचा रंग भडक गुलाबी. मी चमकलो, कारण तो बोर्ड मी असा छापलाच नव्हता. गेल्या वर्षी मी तो करत असताना मामा चहा घेऊन आले होते, पाठीमागं उभे राहिले होते आणि म्हणाले होते, “देव हाय का गुलाल उधळलेला उमेदवार? रंग जरा बसता कर.” मी कुरकुरत रंग बदलला होता. इथं तो बदललेला नव्हता.

मी किती वेळ त्या गुलाबी रंगाकडं बघत होतो कुणास ठाऊक. हा बॅकअप पंचमीचा. तेव्हा बोर्ड नुकताच करायला घेतला होता. मामांनी रंगाचं म्हटलं ते नंतर. दसरा त्याच्याही नंतर.

मी ‘कैलासवासी’ बंद केलं आणि ‘हयात’ उघडलं. 

मामा तिथंच होते, शेवटच्या ओळीत. छातीपर्यंत कापलेलाही होता आणि शेजारी अख्खा फोटोही होता, किटलीसकट, टॉवेलसकट. माझ्या शिवीवर हसत होते. मला हसू आलं आणि त्याच्यातच डोळ्यांना पाणी आलं. मी मामींना जवळ बोलावलं. त्या आल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. पडद्याला बोट लावून टॉवेल जिथं होता तिथं पुसल्यासारखं केलं.

“कुठं घावले?”

“मी कैलासवासीत हुडकत व्हतो. हे दुसरंच हाय. हितं जित्या माणसांचे फोटू असत्यात.”

“आन् ह्ये हितं कसे?”

“बॅकअप पंचमीचा हाय ना मामी. ह्या कॉम्प्युटरला अजून काही म्हाईत न्हाई.”

मामी सरळ उभ्या राहिल्या. मी मोठा फोटो छापायला लावला. मशीन घरघरायला लागलं आणि माझा हात सवयीनं माउसवर गेला. मामांवर बाण ठेवला. उचलायचं आणि त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचं, एवढंच काम होतं, आणि माझ्या धंद्यात ते करावंच लागतं. पण एकदा हे केलेलं होतं. आता परत तेच, तेही मामींच्या देखत, होईना. मी विचारलं, “मामी, तिकडं न्यायला पायजेत. नेऊ का?”

“डिस लहान हाय म्हणत व्हतास ना?”

“हाय.”

“त्येंला लई जागा लागती का?”

“न्हाई मामी. काहीच न्हाई लागत.”

“मग ऱ्हाऊ दे की हितंच,” मामी म्हणाल्या आणि चहाचा रिकामा ग्लास उचलून शेगडीकडं गेल्या.